कमळाबाईचे शेवट

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चार वाजता मनोरमा सामंत इस्त्रीची साडी नेसून घराबाहेर पडायची आणि पुढचा दीड तास ती कुणाचीही बायको नसायची. एरवी सगळ्या सिल्व्हर पार्कात तिची ओळख उत्तमरावांची बायको अशी होती. त्याचंही तिला काही वाटलं नसतं. पण चौदा महिन्यांपूर्वी उत्तमरावांना झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, आणि तेव्हापासून किराणावाल्यापासून वॉचमनपर्यंत जो तो तिला एकच विचारू लागला, "अंकल कैसे हैं अभी?" अंकल बरे होते. आंटीचं काय, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

म्हणून तो शनिवार. शेजारच्या इमारतीतल्या संचितानं 'शनिवारचा सिनेमा' नावाचा गट काढला होता. आठ बायका सोसायटीच्या हॉलमध्ये जमायच्या आणि त्या महिन्यात पाहिलेल्या सिनेमावर बोलायच्या. संचिता बँकेत अधिकारी, त्यामुळे नियम कडक. सिनेमा थिएटरात जाऊनच पाहिलेला हवा. "मोबाइल डब्याला टेकवून, भाजी परतत परतत पाहिला, तो सिनेमा नाही," असं ती बजावायची. बोलताना कागद बघायचा नाही, आणि 'छान होता' एवढं म्हणून खाली बसायचं नाही. का छान, ते सांगायचं.

या गटात मनोरमेचा दबदबा होता. तिची पाळी आली की चहाचे कप खाली ठेवले जायचे. एकदा ती म्हणाली, "तीन पोरांचं घर दाखवलंय आणि घरात एक वस्तू फुटलेली नाही. या दिग्दर्शकाला मुलं नसणार." दुसऱ्यांदा म्हणाली, "मुलगा बापावर चिडून घर सोडतो, पण जाताना आठवणीनं चार्जर घेतो. म्हणजे तो परत येणार हे सगळ्यांना कळलंय, त्याला सोडून." बायका हसायच्या, माना डोलवायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका मृणालिनीताई, ज्यांना दुसऱ्याचं कौतुक सहसा मानवत नाही, त्यासुद्धा म्हणायच्या, "निरीक्षण आहे हो तुमचं." हे वाक्य मनोरमा घरी घेऊन यायची आणि पुढचे आठ दिवस पुरवून पुरवून वापरायची.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. गेल्या चौदा महिन्यांत मनोरमेनं एकही सिनेमा पाहिला नव्हता.

पाहणार कशी? नर्सिंग ब्युरोचा माणूस सकाळी आठला यायचा, उत्तमरावांची आंघोळ आणि व्यायाम करून घ्यायचा आणि दहाला जायचा. त्यानंतर दिवसभर ती एकटी. शेवटच्या शनिवारी तेवढी लेक संपदा दहिसरहून दोन तासांसाठी यायची. गटात मात्र मनोरमेनं सांगून ठेवलं होतं की ब्युरोचा माणूस संध्याकाळपर्यंत असतो, आणि मी दुपारचा शो बघून येते. हे खोटं तिनं ठरवून केलं नव्हतं. झटक्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ती गटातून नाव काढून घ्यायला गेली होती. पण हॉलमध्ये पाय ठेवला आणि सातही चेहऱ्यांवर ती 'बिचारी'वाली कळा पसरताना तिला दिसली. संचितानं हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुठे जमलं असेल ना या महिन्यात?" आणि मनोरमा ताडकन म्हणाली, "जमलं की. परवाच पाहिला."

पाहिला होता तो कमळाबाईनं.

कमळाबाई डोंगरीची कोळीण. रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ती मासळीची पाटी घेऊन सिल्व्हर पार्कात यायची. सामंतांच्या दारासमोर जिन्याच्या वरच्या पायरीवर तिची बैठक ठरलेली. दाराच्या जाळीआड, वारा लागतो म्हणून, उत्तमरावांची खुर्ची. कमळाबाई कोयत्यावर मासे कापत जायची आणि तोंडानं सिनेमा सांगत जायची. कारण शुक्रवारी अकरापर्यंत पाटी रिकामी झाली की ती मॉलबाहेरच्या नारळवाल्याकडे पाटी ठेवायची, लिंबानं हात धुवायची, पिशवीतली धुतलेली साडी नेसायची आणि बाराच्या शोला जाऊन बसायची. वय पासष्टच्या पुढं, पण हा नेम चुकला नाही.

सिनेमाचं नाव तिला कधीच ठाऊक नसायचं. 'तो दोन भावांचा', 'ती घोड्यावरची', 'तो जिन्याचा', अशी तिची यादी. मनोरमा मग मोबाइलवर शोधून कुठला तो हे ताडायची. पुढचं काम सोपं होतं. कमळाबाई म्हणायची, "मेला निस्तं डोलं मोठं करतंय, नि त्याला वाटतं मी रडतंय." मनोरमा शनिवारी म्हणायची, "अभिनय डोळ्यांपलीकडे जात नाही." कमळाबाईचं मत खवले काढून, धुऊन-पुसून ती ताटात वाढायची, एवढाच काय तो तिचा वाटा.

आणि शेवट! कमळाबाईच्या सिनेमांचे शेवट असे असायचे की ऐकणाऱ्याचं पोट भरावं. भांडलेले भाऊ एका ताटात जेवायचे. हरवलेली पोर बाजारात सापडायची, आणि तीही नेमकी मासळीबाजारात. घोड्यावरची ती बाई घोड्यावरून उतरून सासूला माफ करायची. जाळीआडून उत्तमराव अर्ध्या तोंडानं हसायचे. मनोरमेला वाटायचं, चला, आपण जात नाही पण सिनेमे पुन्हा चांगले निघायला लागलेत.

त्या शनिवारी तिनं 'जिन्याचा' सिनेमा सांगायला घेतला. सातव्या मजल्यावर एकटा राहणारा म्हातारा बाप. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून नऊ वर्षं लेकीशी बोललेला नाही. इमारतीची लिफ्ट बंद. एके दिवशी लेकीचा फोन येतो, बाबा, मी स्टेशनवर उतरलेय, येतेय. आणि ज्याला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते तो म्हातारा चप्पल घालून तिला आणायला जिना उतरू लागतो.

"आणि शेवट तर मी विसरूच शकत नाही," मनोरमा म्हणाली. तिचा आवाज खरंच भरून आला होता. "बाप वरून उतरतोय, लेक खालून चढतेय. तिसऱ्या मजल्यावर दोघं समोरासमोर येतात. नऊ वर्षांनी. तो माफी मागत नाही, की रागवत नाही. तिच्या हातातली पिशवी घेतो आणि विचारतो, 'दमलीस?' मग दोघं तिथंच पायरीवर बसतात. बस. एवढ्या एका शब्दासाठी सगळा सिनेमा केलाय, असं मला वाटलं."

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मनोरमेला आधी वाटलं, सगळ्या गहिवरल्या. मग तिनं संचिताकडे पाहिलं.

"मनोरमाताई," संचिता चाचरत म्हणाली, "पण बाप तर तिसऱ्या मजल्यावर जातो ना?"

"तिथंच तर जातो. तिथंच भेटतात."

"तसं नाही. जातो म्हणजे... मरतो."

"पायरीवर बसतो तो उठतच नाही," मृणालिनीताईंनी माहिती पुरवली. "लेक वर चढून येते तेव्हा गार पडलेला असतो. पुढं तिरडी, हार, सगळं सविस्तर आहे. सात मिनिटं चाललंय ते. मी घड्याळ पाहिलं."

 सारवासारव करायला मनोरमा तोंड उघडणार, तोच कोपऱ्यातली रीमा ओरडली, "अरे देवा! म्हणजे मागच्या महिन्यात ते दोन भाऊपण एकत्र येत नाहीत? मीच नीट बघितलं नाही असं समजून मी परत जाऊन बघितला तो!"

आणि मग फुटलं. एकेक बाई आपापली कबुली देऊ लागली. प्रत्येकीनं ते सिनेमे पाहिले होते, प्रत्येकीला मनोरमेनं सांगितला त्याहून शेवट वेगळा दिसला होता, आणि प्रत्येकीनं गप्प बसणं पसंत केलं होतं. हल्लीच्या सिनेमांचे शेवट तसेही कळत नाहीत. मनोरमाताईंसारख्या जाणत्या बाईला भाऊ जेवताना दिसले, म्हणजे ते जेवत असणार. आपल्यालाच खोलवरचं काही उमगलं नाही. संचितानं तर बँकेतल्या मैत्रिणींना 'दुसऱ्या पातळीवर भाऊ भेटतातच' असं पटवून दिलं होतं. हसता हसता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता हो, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुष्टपणानं हसल्या असत्या तर भांडता आलं असतं.

"मला त्या दिवशी जरा लवकर निघावं लागलं होतं," मनोरमा कसंबसं म्हणाली. पर्स उचलली आणि निघून आली. जिन्यात तिनं मोबाइल काढला आणि गटातून आपलं नाव काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जिन्यात कमळाबाईची हाळी आली तशी मनोरमा बाहेर आली आणि तिनं दार मागं लोटलं. ते पुरतं लागलं नाही, पण ते पाहायचं तिला भान नव्हतं.

"बोंबील बग, कसं पान्यासारखं हायत," कमळाबाई पाटी उतरवत म्हणाली.

"कमळाबाई, तो जिन्यातला बाप मरतो."

कमळाबाईचा हात थांबला. "कोन बोलला?"

"सात बायका बोलल्या. सात मिनिटं मयत दाखवलंय म्हणे."

"असंल मंग," असं म्हणून कमळाबाईनं एक बोंबील उचलून उगाच उलटासुलटा पाहिला. "माजी बस असते ना दोनची. त्या दिशी उठले असंन जराशी आदी."

"आणि ते भाऊ? ती घोड्यावरची?"

कमळाबाई पाटीतले मासे सारखे करू लागली.

"एक तरी सिनेमा पुरा पाहिलात का तुम्ही?"

"न्हाय," कमळाबाई म्हणाली. एवढी बोलकी बाई, पण तेवढाच शब्द बोलली. मग खाली बसली आणि कोयत्याशी बोलल्यासारखी बोलू लागली. "इंटरवलला उठतंय मी. इंटरवलपरत कोन मरत न्हाय, बाय. मेलाच तर आदीच मेलेला असतो, फोटोतला, हार घातलेला. पन हसता-बोलता जिता मानूस मारायचा तर ते मेले इंटरवलनंतरच मारतात. तू बगून घे. पयलं आमी दोगं जायचो, मी नि जानू. जानू गेला, त्याच्या वर्सानं मी येकली गेलेली. त्यात हिरोचा बाप मेला. नाकात कापूस घातलेला दावला मोट्ठा करून. मी म्हटलं, ह्यो मी घरी बगितलाय. तिकीट काडून परत कशाला बगू?"

मनोरमेचा राग आता फसफसून वर आला होता. समोरच्याचं दुःख ऐकलं की राग ओसरतो असं म्हणतात. तिचा ओसरला नाही. "मग तसं सांगायचं होतंत! म्हणायचं, अर्धाच बघितला. पुढचं खोटं कशाला रचलंत? माझी शोभा झाली काल सगळ्यांसमोर."

"तू इचारायचीस ना, 'मग पुढं? मग पुढं?'" कमळाबाईनं हनुवटीनं दाराकडे खूण केली आणि आवाज उतरवला. "नि तो बी आइकत असतो. खुर्चीत बसून, जालीला कान लावून. त्याच्यासमोर मी बाप मारू? माज्यानं न्हाय झालं, बाय. तुजी शोभा झाली तर झाली." मग एकदम मान वर करून म्हणाली, "नि तू तरी कुटं बगितलास?"

 मनोरमा उंबऱ्यात उभी राहिली आणि कमळाबाईनं बोंबील साफ करून दिले. त्या दिवशी सिनेमा झाला नाही. दार उघडून ती आत आली तेव्हा उत्तमराव खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी संचिताचा फोन आला. मनोरमेनं दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ब्युरोचा माणूस दहाला जातो. मी चौदा महिन्यांत थिएटरचं तोंड पाहिलेलं नाही. तुम्ही मला बिचारी म्हणाल म्हणून खोटं बोलले. एवढं बोलून ती थांबली आणि पलीकडून ती 'बिचारी' कधी येते याची वाट पाहू लागली.

"मग ते चार्जरचं?" संचिता म्हणाली. "मुलगा चार्जर घेऊन घर सोडतो, ते कुणाचं मत?"

"डोंगरीच्या कमळाबाईंचं. मासे आणतात माझ्याकडे."

"आणि 'दमलीस'?"

"तेही त्यांचंच. सिनेमात नाहीच ते."

 "सिनेमात असायला हवं होतं," संचिता म्हणाली. "त्यांना आणा ना गटात."

बुधवारी मनोरमेनं निरोप दिला. कमळाबाई भडकली. "मना येळ हाय काय? बसून गप्पा मारायच्या नि चाय प्यायचा? माजी मासली कोन विकल?" पण निघताना दोन पायऱ्या उतरून थांबली. "काय बोलली ती? माजा शेवट बरा हाय?"

"सिनेमात असायला हवा होता म्हणाली."

"मंग," कमळाबाई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन ताठ चालत गेली.

पण या कौतुकानं मनोरमेचं समाधान झालं नव्हतं. 'तू तरी कुटं बगितलास' हे रविवारपासून तिच्या मागं लागलं होतं. तिनं संपदाला फोन करून शुक्रवारची अर्धी रजा टाकायला सांगितली. संपदानं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "सिनेमाला जायचंय."  मग संपदा म्हणाली, "आई, हे आधी का नाही गं बोललीस?"

शुक्रवारी दोघी शेजारी शेजारी बसल्या. जिन्याचा सिनेमा तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या एकाच शोवर आला होता, थिएटरात जेमतेम पंधरा माणसं. कमळाबाईच्या अंगाला लिंबाचा वास येत होता. तिची जागा कडेची, उठायला सोपी. पडद्यावरचा बाप भाजी चिरू लागला तसं तिनं मोठ्यानं विचारलं, "भेंडी धुतली कवा यानं?" पुढच्या रांगेतला माणूस मागं वळून हसला. मनोरमाही हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशेजारी असं कुणी होतं, जे तिच्याकडे बघत नव्हतं आणि तिनंही ज्याच्याकडे बघायची गरज नव्हती. दोघी समोर बघत होत्या. हे किती सुखाचं असतं ते ती विसरून गेली होती.

फोन आला. बापानं चप्पल घातली. पाचव्या मजल्यावर कठड्याला धरून तो थांबला आणि दिवे लागले.

"चल," कमळाबाई पदर सावरत उठली.

मनोरमा उठली नाही.

"बाय, चल ना. मरतोय तो, ठाव हाय ना तुला?"

"म्हणूनच बसते."

कमळाबाई खुर्च्यांमधल्या वाटेत उभी राहिली. तिला बसायचं नव्हतं आणि मनोरमेला एकटीला सोडून जाववतही नव्हतं. तिनं मनोरमेच्या खांद्यावर हात ठेवला, लिंबाचा आणि त्याखालून मासळीचा वास आला. "रविवारी मना सांगू नको हा," ती म्हणाली. "माजा बाप माज्या जिन्यात जिता हाय." आणि गेली.

तिसऱ्या मजल्यावर म्हातारा बसला. नुसता बसला, दम खायला बसावं तसा. मान हळूच कठड्याला टेकली. काही मोठं वाजलं नाही, कुणी ओरडलं नाही, आणि मनोरमेला कळायच्या आत ती रडायला लागली होती. ती त्या म्हाताऱ्यासाठी रडत नव्हती, हे सांगायलाच नको. रोज सकाळी डोळे उघडले की ती आधी शेजारच्या पलंगाकडे कान लावायची. श्वास ऐकू आला की मगच पाय खाली ठेवायची. चौदा महिने, रोज. हे तिनं संपदाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना नाही, देवापुढंही नाही. मनातसुद्धा ती ते वाक्य पुरं करत नसे. आणि इथं कुणीतरी ते वाक्य पुरं करून पडद्याएवढं मोठं दाखवलं होतं. ती खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून हमसून हमसून रडली.

पण सिनेमा तिथं संपत नव्हता. तिरडी आली, हार आले, लांबचे नातेवाईक आले. मनोरमेनं डोळे पुसले. एक मिनिट गेलं, दोन गेली, चौथ्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं की आपण चिडलोय. कशाला एवढं? लेक पायरीवर बापाशेजारी बसली होती ना, तिथंच थांबायला हवं होतं. पुढचं सगळं कापायला हवं. हे मत कमळाबाईचं नव्हतं, संचिताचं नव्हतं. चौदा महिन्यांनी तिला स्वतःचं एक मत झालं होतं.

ती घरी आली तेव्हा संपदा निघायच्या घाईत होती. मुलाला शाळेतून आणायचं होतं. तिनं आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, काही विचारलं नाही, जाता जाता एकदा घट्ट मिठी मारली आणि गेली. मनोरमा उत्तमरावांसमोर स्टूल ओढून बसली.

"कसा?" उत्तमरावांनी विचारलं.

"बरा होता."

"शेवट?"

कमळाबाईचा शेवट तिच्या तोंडावर आला होता. एक शब्द उच्चारला की झालं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तो हसरा अर्धा चेहरा, ते दोन्ही शाबूत डोळे.

"बाप मरतो," ती म्हणाली.

उत्तमरावांनी मान हलवली. "ठाऊक... होतं."

"कसं ठाऊक? रविवारी जिन्यातलं ऐकलंत?"

"आधीच. म्हातारा... सात मजले... उतरतो. मरणारच." एवढं बोलून त्यांना धाप लागली, पण चेहऱ्यावर जुना शिष्टपणा होता. लग्नापासून हा माणूस इंटरवलला वडा खाता खाता शेवट सांगून मोकळा व्हायचा आणि तिचा अर्धा आनंद घालवायचा. तिनं त्यावरून किती भांडणं केली होती.

"आणि ते भाऊ? घोड्यावरची?"

उत्तमरावांनी डावा हात हवेत उडवला. सगळ्या थापा.

"मग बोलला का नाहीत? इतके महिने बाई तुमच्यासाठी रचून रचून सांगत होती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून!"

"तू..." ते थांबले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागायचा आणि मनोरमा नेहमी घाईनं तो शब्द पुरवायची. आज ती थांबली. "तू... हसायचीस. ऐकताना. म्हणून."

 एक बाई या माणसासाठी खोटं बोलत होती, हा माणूस बायकोसाठी ते खरं मानत होता, आणि बायको ते बाहेर नेऊन स्वतःसाठी मिरवत होती. चौदा महिने घरात तिघं मिळून एकच भीती लपवत होते आणि ती तिघांनाही ठाऊक होती.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "रोज सकाळी. तुमचा श्वास ऐकते आधी."

"मला पण," उत्तमराव म्हणाले. शब्द शोधावे लागले नाहीत.

तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा टुंऽटुं आवाज बराच वेळ येत राहिला. मग उत्तमराव म्हणाले, "पुढचा... मला ने."

"कुठं?"

"सिनेमाला."

मनोरमा सवयीनं सांगू लागली. चाकाची खुर्ची रिक्षात बसत नाही, मोठी गाडी बोलवावी लागेल, तिथं बाथरूमची सोय काय, तीन तास बसवेल का, मध्येच त्रास झाला तर. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. मॉलला लिफ्ट होती. ती आजच त्या लिफ्टनं वर गेली होती. चौदा महिने यांना सोडून जाता येत नाही म्हणून ती घरात बसून राहिली, आणि यांना घेऊन जावं हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिनं तोंडावर पदर धरला. ही शरम त्या शनिवारच्या शरमेहून फार मोठी होती, आणि ती बघायला इथं एकच माणूस होता.

उत्तमराव तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"शेवट वाईट असला तर?" तिनं विचारलं.

"बघू," ते म्हणाले. दम घेतला, आणि तिनं न पुरवलेला शब्द सापडला. "दोघं... बघू."